फोटोतली झुंबरबाई

ज्ञानू तिबिले ओतकामाचा माणूस. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेव्हा तेलावर चालणारी इंजिनं बनत आणि त्यांचे अवजड भाग काळ्या वाळूच्या साच्यात ओतले जात. सकाळी वाळू चाळायची, पाणी शिंपडून मळायची, पेटीत ठासायची. तिसऱ्या प्रहरी वितळलेल्या लोखंडाचं पातेलं दोघांनी दोन्हीकडून धरून साच्यात रिकामं करायचं. धार मध्येच तुटली की माल गेला. वाळू जरा ओली राहिली तरी गेला. पेटी फोडल्यावर लोखंडाच्या अंगावर बारीक खड्डे दिसत.

हे खड्डे बुजवायची युक्ती कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. मेणात लोखंडाचा भुगा कालवायचा, खड्ड्यात दाबायचा आणि वरून काजळी फासायची. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. ज्ञानूने ते कधी केलं नाही. खड्डा दिसला की तो घण मागे आणि स्वतः ओतलेला माल स्वतः फोडून परत भट्टीत टाकी. अख्ख्या दिवसाची मेहनत पाण्यात जाई. जोडीदार वैतागत.

"ज्ञानबा, आरं त्या इंजानाला काय दाखवाय न्यायचंय व्हय? दोन खड्डं असलं म्हून कोण नकार देनार हाय?"

ज्ञानू घाम पुसून पुन्हा वाळू चाळायला बसे.

त्याच्या बायकोचं नाव झुंबरबाई. तिला लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण व्रणांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटभर जागा मोकळी सोडली नाही. लग्नाच्या वेळी ज्ञानूच्या चुलतीने नाक मुरडलं होतं. पुढे त्याच चुलतीच्या सुनेचं आडवं आलेलं मूल झुंबरबाईच्या धीराने सुखरूप सुटलं आणि चुलतीचं नाक सरळ झालं. झुंबरबाई काही सुईण नव्हती. पण गल्लीत कुणाला कळा सुरू झाल्या की पहिला निरोप तिला येई. नाळ सुईण कापायची, बाळंतिणीची पाठ झुंबरबाई धरायची. पाठीमागे बसून, दोन्ही काखांतून हात घालून, बाईचा सगळा भार छातीवर घ्यायचा आणि मूल बाहेर येईपर्यंत सोडायचं नाही. तासन् तास ती अशी बसे. उठली की तिला स्वतःचे हात वर करता येत नसत.

त्यांची थोरली मुलगी ताना. ती कोडोलीच्या हंबीररावाला दिली होती. हंबीरराव ट्रकचा मिस्त्री. गोव्यात डिचोलीकडे खाणी चालू झाल्या तसा तो तिकडे कामाला गेला आणि लग्नानंतर तानालाही घेऊन गेला. गोवा पोर्तुगीजांचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण आंबोलीचा घाट उतरून तिकडे जाणं कोल्हापूरच्या माणसाला परदेश वाटत नसे. नाक्यावरचा शिपाई ट्रंक उघडून बघे, हाताने 'जा' म्हणे आणि माणूस जाई.

चोपन्न साली ते बदललं. सत्याग्रही आत शिरू लागले, तिकडे धरपकड सुरू झाली आणि नाके आवळले गेले. आता इकडच्या सरकारचा परवाना लागे आणि तिकडच्या सरकारचा व्हिसा. नेमकं त्याच साली तानाला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण हंबीररावाचा निरोप आला: शेजारची एक बाई अशीच माहेरी बेळगावला गेली, तिला परत आत घेतलं नाही, नवरा इकडे, ती तिकडे. ताना आली आणि तिचंही तसंच झालं तर? हंबीररावाची आई कधीच वारलेली. घरात दुसरी बाई नाही.

झुंबरबाईने निरोप ऐकला, चुलीवरचं कालवण उतरवलं आणि म्हणाली, "ती येत न्हाय तर मी जाते. माहेर काय भिंतीला चिकटलंय?"

कलेक्टर कचेरीच्या आवारात आण्णा नावाचे अर्जनवीस बसत. ज्ञानू बायकोला आणि धाकट्या लेकीला, चिमणीला घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसला.

"कोण कोण जाणार?" आण्णांनी विचारलं.

"मी, ही आन् ही पोरगी."

"पोरीला वेगळा कागद नको. आईच्या कागदावर नाव चढवतो. जायचं कारण?"

"लेकीचं बाळंतपण हाय."

आण्णांनी टाक खाली ठेवला. "असं लिवलं की दवाखान्याचा दाखला आणा म्हणतील. मग जावायाच्या मालकाची चिठ्ठी. कागद या टेबलावरनं त्या टेबलावर हिंडणार, तवर तुमचं नातवंड रांगाय लागणार."

"मग काय लिवता?"

"टूरिस्ट."

"त्ये आन् काय?"

"हिंडायफिराय जाणारा. देवळं बघायची, दर्या बघायचा, घरला यायचं. टूरिस्टाला कोण अडवत न्हाय."

झुंबरबाई मागून म्हणाली, "आण्णा, बाळंतपण म्हंजे हिंडायफिरायचं काम व्हय? तुमच्या घरात बायका दर्यावर जाऊन बाळंत हुत्यात काय?"

आजूबाजूचे लोक हसले. आण्णाही हसले. "काकी, मी कागदातलं सांगतोय."

"आन् मी खरं सांगतीया."

ज्ञानूलाही ते रुचलं नाही. पण मार्गशीर्षात ताना बाळंत होणार होती आणि नवरात्र उंबऱ्यावर आलं होतं. तो म्हणाला, "लिवा."

अर्जाला फोटो लागत होते. महाद्वाराजवळच्या एका बोळात यज्ञेश्वर नावाच्या गृहस्थाचा स्टुडिओ होता. पूर्वी ते सिनेमाच्या कंपनीत नटनट्यांचे फोटो काढत. झुंबरबाईने जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. ती स्टुलावर बसली ती न्हाव्यापुढे बसल्यासारखी, मान ताठ आणि डोळे गच्च मिटून.

"वहिनी, डोळे उघडा. यंत्र आहे, चावत नाही," यज्ञेश्वर म्हणाले.

"चावलं तर तुमचंच यंत्र मोडंल," झुंबरबाई म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

दोनतीन दिवसांनी नवराबायको फोटो आणायला गेले. ज्ञानूचा फोटो ज्ञानूचाच होता. गालावर उडालेल्या लोखंडाचा जुना डाग होता, तोही फोटोत होता. यज्ञेश्वर म्हणाले, "बाप्या माणसाला डाग शोभतो. तो ठेवलाय."

मग त्यांनी झुंबरबाईचा फोटो पुढे केला.

फोटोत एक बाई होती. डोळे झुंबरबाईचे, कुंकू झुंबरबाईचं, डोक्यावरचा पदर तिचाच. पण गाल लोण्यासारखे. एक व्रण नव्हता.

"फोटोच्या काचेवर पेन्सिल चालवलीय," यज्ञेश्वर म्हणाले. "दोन दिवस बसलो होतो. आमच्या हातून खराब माल जात नाही."

दोन दिवस बसल्याशिवाय असं काम होत नाही, हे ज्ञानूला बघताक्षणी कळलं. त्याला मेण आणि लोखंडाचा भुगाही आठवला. हे बुजवलेलं आहे आणि असं बुजवलेलं कुठेतरी उघडं पडतं, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगायचं कसं? 'खड्डे' हा शब्द त्याने लग्नापासून आजवर घरात उच्चारला नव्हता. कारखान्यातल्या मालाबद्दलसुद्धा नाही.

झुंबरबाई फोटो हातात धरून उभी होती. तिचं एक बोट गालावरून फिरत होतं. फोटोतल्या नव्हे, स्वतःच्या.

"बरी दिसती की ही," ती म्हणाली.

"कोण?"

"हीच. कोण का असंना."

ज्ञानूने फोटोचे पैसे दिले. फोटो अर्जाला चिकटला.

मग वाट बघणं सुरू झालं. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. ज्ञानू कारखान्यातून सुटला की हातपाय न धुता कचेरीत जाई. "मुंबईहून यायचंय," एवढंच उत्तर मिळे. झुंबरबाईने डिंक निवडला, आळीव आणले, बाळंतशेपा भाजून ठेवल्या. जुनी लुगडी धुऊन धुऊन मऊ केली आणि त्यांची दुपटी शिवली. सगळ्याचं एक गाठोडं बांधलं. रोज ते सोडायची आणि परत बांधायची. हंबीररावाचं कार्ड आलं की चिमणी मोठ्याने वाचून दाखवी. तानाच्या पायाला सूज आलीय. ताना रात्री झोपत नाही. ताना विचारते, आई कधी येणार?

"लिव तिला," झुंबरबाई म्हणे, "कागद आला की आले. त्याला पाय फुटायचे ऱ्हायलेत निस्तं."

कागद आला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. ज्ञानूने रजा मागितली. मालक कुरकुरले. ज्ञानू म्हणाला, "बिनपगारी द्या, न्हायतर काढून टाका. मी चाललो." इतकं बोललेलं त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. रजा मिळाली.

एसटीने ते आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडीला आले आणि दुसऱ्या गाडीने दोडामार्गला. गाडीत झुंबरबाईने गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. हंबीररावाला आधी कळवलेलं होतं. तो पलीकडे ट्रक घेऊन थांबणार होता.

इकडच्या नाक्यावर पोलिसाने कागद बघितला, झुंबरबाईकडे बघितलं, परत कागद बघितला. तो जेवायला उठला होता. "जावा, जावा," म्हणाला.

मधला मोकळा रस्ता चालून ते पलीकडच्या नाक्यापाशी आले. रस्त्यावर आडवा बांबू. बाजूला झाडाखाली टेबल. टेबलाशी गोरा अधिकारी आणि खाकीतला एक गोवेकर दुभाषा. बांबूच्या पलीकडे हंबीरराव उभा होता. दाढी वाढलेली. सासूला बघताच तो ओरडला, "मामी, लवकर या! सकाळपास्नं कळा चालू हायत!"

झुंबरबाई बांबूखालून वाकून जायलाच निघाली. शिपायाने बंदूक आडवी धरली.

"थांबा," दुभाषा म्हणाला. "कागद दाखवा आधी."

ज्ञानूचा कागद त्याने बघितला, अधिकाऱ्याला दाखवला. शिक्का बसला. मग झुंबरबाईचा. दुभाष्याने फोटो तिच्या तोंडाशेजारी धरला. मान तिरकी करून बघितलं. मग कागद अधिकाऱ्यापुढे ठेवला आणि दोघं आपसात बोलले.

"ही ती बायल न्हय," दुभाषा म्हणाला. "ही ती बाई नाही."

"हीच हाय," ज्ञानू म्हणाला. "माझी बायकू हाय."

"फोटोत दुसरी आहे. ही कोण? कोणाच्या नावावर आत चालली आहे?"

"अवो, देवी आल्यात्या तिला लहानपणी. फोटोवाल्यानं ते—" ज्ञानू थांबला. मग त्याने एका दमात म्हणून टाकलं, "खड्डं बुजवलं."

झुंबरबाईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती पलीकडे हंबीररावाकडे बघत होती.

अधिकाऱ्याने गाठोड्याकडे बोट केलं. दुभाष्याने ते टेबलावर सोडलं. ओव्याचा, बाळंतशेपांचा वास सुटला. दुपटी, झबली, डिंक, सुंठ, वेखंड. अधिकाऱ्याने एक झबलं दोन बोटांत धरून वर केलं, मग कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाला.

"साहेब विचारतात, टूरिस्ट?"

ज्ञानूच्या आधी झुंबरबाई पुढे झाली.

"टूरिस्ट न्हाय. टूरिस्ट त्या कागदात हाय. मी लेकीच्या बाळंतपणाला आलीया. ती पलीकडं अडलीया, हा तिचा नवरा उभा हाय, त्याला इचारा. तोंड हेच हाय माझं. धा वर्साची हुते तवापास्नं हेच हाय. घासून बघा पाहिजे तर."

दुभाष्याने जमेल तसं सांगितलं. अधिकारी ऐकत होता. तो दुष्ट दिसत नव्हता, थकलेला दिसत होता. त्याने झबलं घडी करून खाली ठेवलं आणि सावकाश बोलला.

दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, तुमचा फोटो काढणारा खोटं काढतो. कागद लिहिणारा खोटं लिहितो. मग त्यांनी खरं शोधायचं कुठे? परवाच एक माणूस बायकोचं लुगडं नेसून आत आला होता. मग साहेबांनाच जाब द्यावा लागला. पुरुषाचा कागद बरोबर आहे, तो जाऊ शकतो. ही बाई आणि तिच्या कागदावरची मुलगी परत जातील."

ज्ञानूने हात जोडले. हंबीररावाने पलीकडून शपथा घेतल्या. शिपायाने सगळ्यांना मागे सारलं. अधिकाऱ्याने पुढचा कागद घेतला.

ज्ञानू बायकोजवळ आला. "चल. कोल्हापूरला जाऊ, नवा फोटो काढू, नवा कागद—"

"आन् ती?"

ज्ञानूने पलीकडे हंबीररावाकडे बघितलं.

"तुम्ही जावा," झुंबरबाई म्हणाली.

"मी? बाळंतपणाला?"

"मग हितं काय वाळू चाळत बसणार?"

"बाप्या माणूस तिथं काय करणार, झुंबर?"

"सुईण हाय, ती तिचं करंल. पाणी तापवाय, लाकूड आणाय, दाराशी बसाय घरचं मानूस पाहिजे. हंबीररावाच्या तोंडाकडं बघा. त्यालाच कुणीतरी धराय पाहिजे." तिने गाठोडं पुन्हा बांधलं. गाठ मारताना ती बोलत होती. "सुंठ निराळ्या पुडीत हाय. मऊ दुपटी खाली हायत, ती पयली काढा. पाणी उकळू द्या, निस्तं गरम नगं."

"माझी चूक झाली," ज्ञानू म्हणाला. "तो फोटो बघितला तवाच मला—"

"तुमास्नी दिसलं, मला न्हाय दिसलं व्हय?" ती म्हणाली. "मला बी दिसलं. तरी दिला. आता पाय उचला."

तिने गाठोडं त्याच्या हातात कोंबलं.

ट्रकमध्ये हंबीरराव घाई करत होता, चुकीचा गिअर टाकत होता. ज्ञानू गाठोडं मांडीवर धरून बसला होता. खाणीच्या लाल धुळीच्या रस्त्याने ते डिचोलीला पोहोचले.

घरात एक म्हातारी सुईण होती. ताना चटईवर पडली होती. दारातून बाप आत आलेला बघून तिने त्याच्या मागे बघितलं, परत मागे बघितलं.

"आई कुठाय?"

"नाक्यावर. येती," ज्ञानू म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेलं ते खोटं त्याला ऐकू आलं.

तो परसात गेला. चुलवणाला जाळ घातला. काम समोर आल्यावर त्याला जरा श्वास घेता आला. लाकडं फोडली, पाणी चढवलं, उकळलं की उतरवलं, दुसरं चढवलं. आतून तानाचा आवाज येत होता. आधी ओरडत होती. मग नुसती कण्हत होती. ते कण्हणं त्याला जास्त वाईट वाटलं.

दुपार कलली. सुईण बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"शक्ती सरत आली तिची," ती म्हणाली. "कोणतरी पाठ धरूंक जाय, धरायला पाहिजे. घरात बाईमाणूस ना?"

हंबीरराव ओट्यावर बसला होता. तो उठला, दोन पावलं गेला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. त्याचं तोंड पांढरं झालं होतं. शेजारणी होत्या, पण त्या कामावर, खाणीवर गेलेल्या.

सुईणीने ज्ञानूकडे बघितलं. 

लेकीच्या बाळंतपणात बापाने खोलीत पाऊल टाकायचं नसतं. कुणा बापाने ते टाकल्याचं ज्ञानूने कधी ऐकलंही नव्हतं. त्याने हात धुतले. दंडापर्यंत, दोनदा. डोक्याचा पटका सोडून दारात ठेवला आणि आत गेला.

"मागं भिंतीला टेकून बस," सुईण म्हणाली. "माझ्याकडे बघू नको."

तो बसला. तानाला छातीशी घेतलं, दोन्ही काखांतून हात घातले. ती घामाने भिजली होती. तिने डोकं मागे टाकून बघितलं आणि लाजेने तोंड फिरवलं.

"बापू, तुम्ही जावा."

"न्हाय जात. टेक. सगळा भार टाक माझ्यावर."

कळ आली. तानाने त्याच्या मनगटात नखं रोवली. ज्ञानूने समोरच्या भिंतीवर एक जागा धरली, तिथला पोपडा उडाला होता, आणि तिथून नजर हलवली नाही. पातेलं भरलेलं असतं तेव्हा अंगात कुठे खाजलं, घाम डोळ्यात गेला, पायावर ठिणगी पडली तरी हात हलवायचा नसतो. समोरच्या जोडीदाराचाही जीव त्यात असतो. इथे जोडीदार त्याची लेक होती. कळ गेली की ती ढिली पडे, तो नाही. दुसरी आली, तिसरी आली. त्याचे खांदे भरून आले, मग बधिर झाले. झुंबरबाई घरी येऊन हात वर करता येत नाहीत म्हणायची, तेव्हा तो हसायचा.

"आई गं!" ताना ओरडली.

"हाय," ज्ञानू म्हणाला. "हाय मी. लाव जोर."

दिवस मावळायच्या सुमाराला मूल सुटलं. क्षणभर आवाज नव्हता. सुईणीने त्याला उलटं धरून पाठीवर थोपटलं. मग ते रडलं.

ज्ञानूने हात सोडले नाहीत. सुईणीला दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावाने त्याला ट्रकने नाक्यावर आणलं. झुंबरबाई परत गेली नव्हती. दोडामार्गला विठाबाई नावाच्या चहावालीने तिला रस्त्याकडेला उन्हात बसलेलं बघून हाक मारली होती, "गे बाय, उन्हात कित्याक बसलंस? माझा घर असा मगे." तिच्याच ओसरीवर ती आणि चिमणी राहिल्या होत्या.

बांबूपाशी ज्ञानूला बघून ती उठली आणि मोकळा रस्ता तुडवत आली. शिपायाने तिला बांबूपर्यंत येऊ दिलं. झाडाखालचा दुभाषा बघत होता.

"काय?" तिने विचारलं.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

चिमणी टाळ्या पिटू लागली. झुंबरबाई हसली नाही. तिने बांबूला धरलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली.

"कवा सुटली?"

"दिवस मावळताना."

"लई टायम घेतला. वार पडली?"

"पडली."

"सगळी?"

"सुईणीनं पसरून बघितली. सगळी हाय म्हणाली."

"रगत लई गेलं?"

"न्हाय म्हणाली."

"पोरीनं अंगावर घेतलं?"

"घेतलं. मुठी वळून पीत हुती."

"पाणी कुणी तापवलं?"

"मी."

"उकळलं?"

"उकळलं."

तिने बांबू आणखी घट्ट धरला. 

"पाठ कुणी धरली तिची?"

ज्ञानूने खाली बघितलं. पायाच्या नखाने लाल माती उकरली.

"तिथं बाई न्हवती, मला ठाव हाय. कुणी धरली?"

"मी."

झुंबरबाईचा हात बांबूवर तसाच राहिला. चिमणीने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. दुभाष्याने मान दुसरीकडे वळवली.

"हात थरथरला?" झुंबरबाईने विचारलं.

"न्हाय."

"मधी सोडला न्हाईसा?"

"न्हाय सोडला."

"बघू."

त्याने बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत तानाच्या नखांचे चंद्रकोरीसारखे काळेनिळे व्रण उठले होते. झुंबरबाईने बांबूवरून हात घालून त्यांवरून बोटं फिरवली. मग पदराने आपलं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश.

"वर करून दाखवा हात."

ज्ञानूने प्रयत्न केला. खांद्याच्या वर गेले नाहीत.

"हां," ती म्हणाली. "मग नीट धरलीया."

तिने विठाबाईच्या चुलीवर केलेल्या आळिवाच्या खिरीचा डबा पुढे केला. दुभाषा आला, झाकण उघडून वास घेतला. "हें कितें?"

"बाळंतिणीचं खाणं. तुमच्या आईनं बी खाल्लंय, इचारा तिला."

दुभाष्याने झाकण लावलं आणि डबा ज्ञानूच्या हातात दिला.

"जावा आता," झुंबरबाई म्हणाली. "गरम हाय तवर द्या. शेक सकाळ-संध्याकाळ. पोरीची टाळू तळव्यानं भरा, अंगठा लावू नका, तुमचा अंगठा लोखंडाचा हाय. आन् उद्या या. लाडू देते."

"किती दिस ऱ्हाणार हितं?"

"तुमच्या कागदाची मुदत हाय तवर. तुम्ही आतनं, मी भाईरनं."

ज्ञानूने डबा दोन्ही हातांत धरला आणि मागे उभ्या असलेल्या हंबीररावाच्या ट्रककडे निघाला. मागून ती ओरडत होती, "हिंदकळू नका!"